जोडा चावतो तेव्हा

सदरा घट्ट होतो, पट्टा आवळतो, पण जोडा मात्र चावतो, असेच आपण म्हणतो. नोकरीच्या मुलाखतीसाठी आयुष्यातला पहिला चामडी बूट घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना या चाव्याची ओळख हमखास होते. आम्हांलाही झाली होती. बँकेत रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही काळा बूट घेतला. "चामडे आहे, वापरून सैल होईल," असे दुकानदाराने सांगितले. चौथ्याच दिवशी करंगळीशेजारी फोड आला आणि काउंटरच्या आड बूट काढून बसण्याची पाळी आली. शेवटी वरळी कोळीवाड्याच्या वाटेवर बसणाऱ्या एका वयस्कर गटई कामगाराकडे गेलो. त्यांनी बुटाला हात लावण्याआधी आम्हांला पायमोजा काढायला लावला आणि पाय पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट परत मिळाला तो अंगच्या मापाचा होऊनच.

हा विषय स्मरणिकेसाठी सुचवला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी कपाळाला आठी घातली. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचा उपदेश केला आणि आपल्या वाडवडिलांनी तो उपासमार सोसून पाळला. त्या घरांत चामड्याची गोष्ट सहज निघत नाही. परंतु बाबासाहेबांनी झिडकारली ती जन्माने लादलेली सक्ती. हातातल्या कसबाला कमी लेखायला त्यांनी शिकवले नाही. शिवाय पादत्राणांचा विषय धम्मग्रंथांना परका आहे असेही नाही. विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा भाग 'चम्मक्खन्धक' या नावाचाच आहे, म्हणजे चामड्याविषयीचा.

त्यात सोण कोळिवीस या भिक्खूची कथा येते. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा इतका सुकुमार, की त्याच्या तळपायांवर केस उगवलेले होते. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने चंक्रमण करता करता पाय फोडून घेतले, वाट रक्ताने भिजली. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दृष्टान्त दिला. तार फार ताणलेली असो की फार सैल, वीणा वाजत नाही. हा दृष्टान्त आपल्याला पाठ असतो, पण पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. तथागतांनी सोणाला एकपदरी तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. त्यावर सोण म्हणाला की सर्व संघाला मिळणार असतील तरच मी घेईन, एकट्याला नकोत. मग ती सर्वांना मिळाली. याच खंधकात पुढे अवंती-दक्षिणापथाचा, म्हणजे आपल्या बाजूच्या मुलखाचा उल्लेख आहे. तिथली जमीन काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली, म्हणून तिकडच्या भिक्खूंना अनेक पदरी तळाची मुभा देण्यात आली. जमीन पाहून नियम सैल केला गेला.

आता मूळ मुद्द्याकडे. चामडे ताणते का आणि कसे? चामडे म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाळे. कापडासारखा त्यात ताणा-बाणा नसतो. ओलावा मिळाला की हे तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, आणि त्या अवस्थेत ताण देऊन वाळू दिले की नवीन जागी स्थिर होतात. कारागीर करतात ते हेच. लाकडी फर्मा मध्ये चिरलेला असतो. बुटाच्या आतून पाणी आणि स्पिरिट यांचे मिश्रण लावून फर्मा आत बसवतात आणि पाचर ठोकून किंवा स्क्रू फिरवून दोन भाग हळूहळू दूर करतात. जिथे हाड दुखते तेवढ्याच जागी फर्म्यावर चामड्याचा छोटा तुकडा चिकटवून उंचवटा करतात. बूट एक रात्र, कधी दोन रात्री तसाच ठेवायचा. खरी करामत पाचर कधी थांबवायची यात आहे. एकदम जोर लावला की शिवण उसवते नाहीतर चामड्याला सुरकुती पडते.

या उपायालाही मर्यादा आहेत. रुंदीत बूट सैल होतो, लांबीत जवळजवळ नाही, कारण पुढच्या टोकात आणि टाचेत आकार टिकावा म्हणून कडक थर घातलेला असतो. अंगठा टोकाला टेकत असेल तर फर्मा काही करू शकत नाही. बूट बदलून घ्यावा. रेक्झिनचा बूटही ताणायला देऊ नये. तो पुन्हा आक्रसतो किंवा तडकतो. आणि जाहिरातीत काहीही म्हटले असले तरी बूट खऱ्या चामड्याचा आहे की नाही हे कारागीर कडा पाहून सांगतो.

कोळीवाड्यासारख्या किनाऱ्यावरच्या वस्तीत आणखी एक अडचण आहे. भरतीच्या पाण्यात किंवा पावसात भिजलेला बूट आपण स्टोव्हजवळ, गॅसजवळ वाळत ठेवतो. ओल्या चामड्याला उष्णता लागली की तंतू आकसतात, आणि कालपर्यंत बरोबर बसणारा बूट आज चावू लागतो. खाऱ्या पाण्याने वर पांढरी रेघही उमटते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसावे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि सावलीत वाळू द्यावा. आकसलेला बूट फर्म्यावर थोडाफार सुधारतो, पूर्ववत होतोच असे नाही.

आपला पायच वेडावाकडा आहे असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे बुटांचे नंबर बहुतेक इंग्रजी मापाचे असतात, आणि ती मापे आपल्या पायांवरून घेतलेली नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात १,०१,८८० जणांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय सर्वसाधारणपणे अधिक रुंद असतात असे त्यातून दिसले, आणि 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवण्यात आली. तोवर आपण काय करतो? रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा बूट घेतो, पुढे कापूस कोंबतो आणि टाच घसरत चालतो. त्यापेक्षा लांबीला योग्य असा बूट घेऊन रुंदी फर्म्यावर वाढवून घेणे केव्हाही चांगले.

मधुमेही सभासदांना मात्र वेगळी विनंती. या आजारात पायाची संवेदना कमी होते, बूट चावत असूनही कळत नाही, आणि साध्या फोडाची जखम होऊन चिघळते. त्यांनी रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात आणि फोड दिसला तर गटई कामगाराच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

बूट द्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात, आणि माप त्या पायाचे हवे. रोजचे मोजे घालून जावे. दुखणारी जागा खडूने बुटावर दाखवून द्यावी, कारण "इथे कुठेतरी" एवढ्यावरून फर्म्याचा उंचवटा नेमका बसत नाही. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, म्हणून दोन्ही बूट घालून दाखवावेत. परत घेताना तिथेच वीसेक पावले चालून बघावीत. अजून टोचत असेल तर निमूटपणे घरी नेऊ नये, पुन्हा एक रात्र ठेवायला सांगावे. आमच्या त्या कारागिराने दुसऱ्या रात्रीचे पैसे घेतले नव्हते.