परदेशातील विनामूल्य वकिली आणि आपण व्यापारी

आपण नित्य जी बिले फाडतो त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते. वाद उपस्थित झाल्यास न्यायक्षेत्र बऱ्हाणपूर, असा तिचा अर्थ. आपण न सांगताही छापखानेवाला ती घालतो, आणि आपणांपैकी बहुतेकांनी ती कधी लक्षपूर्वक वाचलेली नसते. आम्हांसही तिचे महत्त्व कळले ते पदरमोड झाल्यावरच. कित्येक वर्षांपूर्वी दूरच्या एका मोठ्या शहरातील कंपनीशी आमच्या पेढीने माल पुरविण्याचा करार केला. करारपत्र चांगले बारा पानांचे, सर्व इंग्रजीत. आम्ही शेवटचे पान उलगडून सही ठोकली. पुढे पैसे अडकले तेव्हा ध्यानात आले की, कसलाही वाद झाला तरी तो त्याच शहरातील कोर्टात चालावा, हे नवव्या पानावर आम्हीच कबूल केलेले होते. तेथे वकील देणे, तारखांना जाणे, मुक्काम करणे, या सर्वांची बेरीज येणे रकमेच्या वर जाऊ लागली. आम्ही ती रक्कम बुडीत खाती टाकली.

स्वतःची ही फजिती सांगण्याचे कारण असे की, जो प्रसंग एखाद्या पेढीवर येतो तोच संबंध देशावरही येतो. तेथे सही करणारा मंत्री असतो आणि बुडीत खाती जाते ती लोकांची खाण, बंदर किंवा जंगल. अशा वेळी दुर्बळ पक्षाच्या बाजूने बसून कागद वाचून देणारे, आणि तेही मोबदला न घेता वाचून देणारे, वकील जगात आहेत. कायद्याचे राज्य आणि टिकाऊ विकास हे मोठे शब्द या कामास लावले जातात. त्या शब्दांच्या आत प्रत्यक्षात काय चालते, आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे सभासदबंधूंपुढे मांडावे असा या लेखाचा हेतू आहे.

या परंपरेतील आपल्यास सर्वांत जवळचे उदाहरण व्यापाऱ्यांच्याच एका दाव्यातून उगवलेले आहे. 1893 साली पोरबंदरच्या एका मेमण पेढीने दक्षिण आफ्रिकेतील दाव्याच्या कामी एक तरुण बॅरिस्टर तिकडे पाठविला. मेहनताना 105 पौंड, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि राहण्याजेवण्याचा खर्च; मुदत सुमारे एक वर्षाची. हा बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी. (तत्पूर्वी मुंबईस हिंदी कायद्याचा अभ्यास करताना वीरचंद गांधी हे त्यांचे सोबती होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल.) दावा होता दादा अब्दुल्ला शेठ यांचा तय्यब शेठ यांच्यावर, सुमारे 40,000 पौंडांचा. सारी मदार वहीखात्यांवर, आणि आमच्या या बॅरिस्टरास जमानावे ठाऊक नव्हते! प्रॉमिसरी नोट म्हणजे काय हेही त्यांस तेथे गेल्यावर पुस्तक विकत घेऊन शिकावे लागले. परंतु एकदा वह्या समजल्यावर त्यांनी पाहिले की, दोघे शेठ एकाच गावचे आणि परस्परांचे आप्त. दावा लांबला तर दोघेही वकिलांच्या खर्चात बुडणार. त्यांनी लवाद नेमण्यास दोघांना राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने, 37,000 पौंड व खर्च, असा लागला. एवढी रक्कम एकदम द्यावी लागती तर तय्यब शेठांचे दिवाळेच निघाले असते. गांधीजींनी जिंकलेल्या पक्षाची मनधरणी करून दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून घेतले. जिंकलेल्या अशिलास सबुरी शिकविणे हे दावा जिंकण्याहून कठीण, हे ज्यांनी कोर्ट पाहिले आहे ते मान्य करतील.

1894 साली काम आटोपून ते परत निघाले असता, नाताळमधील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाची वार्ता त्यांच्या वाचनात आली, आणि तेथील व्यापाऱ्यांनी त्यांस ठेवून घेतले. पुढचा प्रश्न पैशाचा होता. सार्वजनिक कामाबद्दल फी घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले; पण घर चालविण्यास वर्षाला सुमारे 300 पौंड तर हवेत. तेव्हा असा तोडगा निघाला की, वीसेक व्यापाऱ्यांनी आपापल्या पेढीच्या खाजगी कायदेविषयक कामासाठी त्यांस एक वर्षाचा ठराविक मेहनताना आगाऊ द्यावा. दादा अब्दुल्लांनी निरोपाच्या वेळी द्यावयाच्या थैलीऐवजी घरातील सामान घेऊन दिले. लोकसेवा फुकट आणि व्यापाराचे काम पैसे घेऊन, अशी ही दोन खाती प्रथमपासून वेगळी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसच्या वर्गणीच्या पै न् पैची पावती आणि हिशेब ठेवण्याबद्दल ते विलक्षण काटेकोर होते.

या कथेचा पुढील भाग आपल्या वर्गाने बारकाईने पाहावा असा आहे. ज्यांनी हा वकील पोसला त्यांचे प्रश्न होते मताधिकाराचे आणि परवान्यांचे. गिरमिटिया मजूर त्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हताच. पण थोड्याच दिवसांत बालसुंदरम् नावाचा एक तमिळ मजूर फाटक्या कपड्यांनिशी, पागोटे हातात घेऊन, कचेरीत येऊन उभा राहिला. मालकाच्या मारहाणीने त्याचे पुढचे दोन दात पडले होते. गांधीजींनी डॉक्टरचा दाखला घेतला, मॅजिस्ट्रेटपुढे त्यास नेले आणि मालकास शिक्षा व्हावी याचा हट्ट न धरता त्याचे गिरमिट दुसऱ्या मालकाकडे बदलवून घेतले. त्या दिवसापासून मजुरांची रीघ लागली. गिरमिट संपलेल्या मजुरांवर बसविलेल्या तीन पौंडांच्या वार्षिक कराविरुद्धचा लढा तेथूनच वाढला व तो कर 1914 साली रद्द झाला. व्यापाऱ्यांच्या पैशाने उभा राहिलेला वकील अखेर ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांच्याही उपयोगी पडला, आणि पैसे देणाऱ्यांनी त्याचा हात धरला नाही, ही त्या शेठमंडळींची मोठेपणाची नोंद आहे.

आता थोडे घराजवळ येऊ. बऱ्हाणपूर पूर्वी निमाड जिल्ह्यात, मध्यप्रांतात मोडत असे, आणि 1956 साली नवे मध्यप्रदेश राज्य होऊन उच्च न्यायालय जबलपुरास येईपर्यंत आपली मोठी अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. त्याच न्यायालयाचे एक मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस हे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्या वर्गास त्यांचे नाव परिचित आहे ते बहुधा दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशी आयोगामुळे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. पण निवृत्तीनंतर ते इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स या संस्थेचे अध्यक्ष झाले, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. 1952 साली बर्लिन येथे निघालेल्या या संस्थेने जानेवारी 1959 मध्ये नवी दिल्लीत परिषद भरविली. 53 देशांचे 185 न्यायाधीश, वकील व कायद्याचे अध्यापक तीस आले. तेथील जाहीरनाम्याचा आशय असा की, कायद्याचे राज्य म्हणजे केवळ सरकारच्या हातास आवर घालणे नव्हे. माणसास प्रतिष्ठेने जगता येईल अशी सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक परिस्थिती निर्माण करणे हेही त्याचेच अंग होय. आणि ज्यास फी देण्याची ऐपत नाही त्यासही वकील मिळाला पाहिजे, असे तेथे निक्षून सांगण्यात आले. विकास आणि कायदा यांची आज जी सांगड घातली जाते ती दिल्लीच्या त्या परिषदेतच स्पष्टपणे घातली गेली होती, असे आम्हांस वाटते.

मात्र या संस्थेच्या वहीतील एक पान झाकून ठेवणे बरे नव्हे. 1967 साली उघडकीस आले की, तिला मिळणाऱ्या पैशांपैकी काही भाग अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून एका निधीच्या मार्गाने येत होता. संस्था टिकली व पुढे तिने अनेक देशांत मोलाचे काम केले. तथापि तिच्या आरंभीच्या वर्षांवर तो डाग राहिलाच. विनामूल्य वकील येतो तेव्हा त्याचे मूल्य कोणीतरी दिलेले असतेच. ते कोणी दिले हे आधी विचारावे. नाताळच्या शेठांनी ते उघड दिले होते.

आमच्या काळातील उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाचे. 1926 साली या देशाने फायरस्टोन या अमेरिकन कंपनीस रबराच्या लागवडीसाठी 99 वर्षांच्या पट्ट्याने दहा लाख एकरपर्यंत जमीन देऊ केली होती. खंड एकरी सहा सेंट. म्हणजे एकतर्फी करारपत्राचा अनुभव त्यास जुना. 1989 पासून 2003 पर्यंत यादवी युद्धाने देशाची धूळधाण झाली. 2005 साली, निवडून आलेले सरकार येण्यापूर्वीच, तेथील तात्पुरत्या सरकारने मित्तल स्टीलशी लोखंडाच्या खाणीचा 25 वर्षांचा करार केला. मालक लक्ष्मी मित्तल हे राजस्थानातील सादुलपूरचे, म्हणजे आपल्याच मुलुखातील व्यापारी, हे विसरता येत नाही. गुंतवणूक सुमारे 90 कोटी डॉलरची. तीस कोण नाही म्हणेल? पण करारात खाणीबरोबर रेल्वेमार्ग आणि ब्युकॅनन बंदर यांचा ताबाही कंपनीकडे जात होता, प्रारंभीची काही वर्षे करमाफी होती, आणि एक कलम असे होते की, पुढे देशाने कायदे बदलले तरी कंपनीस जुनेच लागू राहावेत. आमच्या नवव्या पानाचीच ही थोरली आवृत्ती.

2006 च्या जानेवारीत एलेन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या व त्यांनी हा करार पुन्हा वाटाघाटीस घेतला. या कामी त्यांच्या सरकारास इंटरनॅशनल सीनियर लॉयर्स प्रोजेक्ट या संस्थेचे वकील लाभले. या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्क येथे निघालेली ही संस्था. मोठमोठ्या कंपन्यांच्या कामात केस पिकलेले वकील तिच्यामार्फत आपला वेळ फी न घेता गरीब देशांस देतात. ज्याने जन्मभर कंपन्यांसाठी अशी कलमे लिहिली, तोच त्यांतील खोच ओळखू शकतो. नवशिक्याचे ते काम नव्हे. डिसेंबर 2006 मध्ये सुधारलेला करार झाला. रेल्वे व बंदर पुन्हा सरकारच्या मालकीचे झाले, करमाफी गेली, आणि खनिजावरील स्वामित्वशुल्क बाजारभावावर ठरेल असे झाले. कंपनी पळून गेली काय? नाही, 2011 साली ब्युकॅननहून लोखंडाच्या खनिजाचे पहिले जहाज निघाले. वकिलांनी करार मोडला नव्हता, केवळ दोन्ही पक्षांस पेलेल असा केला होता. त्यानंतर त्या खाणभागात सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. कागद नीट झाला म्हणून पैसा आपोआप गावापर्यंत पोहोचत नाही.

आपल्या गावासही हा विषय नवा नाही. 1615 साली इंग्लंडचा वकील थॉमस रो बऱ्हाणपुरास उतरला आणि शहाजादा परवेझ याच्याजवळ वखारीची परवानगी मागू लागला, तेव्हा एका बाजूस व्यापारी कंपनी व दुसऱ्या बाजूस राजसत्ता असाच तो मामला होता. आज मात्र आपल्या गावी बलवान पक्ष पुष्कळदा आपणच असतो. पॉवरलूमवरील विणकरास सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेणारे आपण. मजुरीचा दर, तूटफूट, खराब मालाची कपात, हे सर्व बहुधा तोंडीच ठरते, आणि लिहिले गेलेच तर आपण लिहितो. वाचून देणारा त्याच्या बाजूस कोणी नसतो.

वस्तुतः कायद्याने ती सोय आहे. 1987 चा विधिसेवा प्राधिकरण कायदा 1995 च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, कैदी अशांस सरकारी खर्चाने वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. न वटलेल्या धनादेशांची कितीतरी प्रकरणे तेथे मिटतात, हे आपण पाहतोच. पण वाद होण्याआधी कागद वाचून देण्याची गोष्ट निराळी. त्यासाठी मंडळाने एका अनुभवी वकिलाचा महिन्यातून एक दिवसाचा मेहनताना द्यावा, विणकर आणि हमाल यांस त्याजकडे मुक्तद्वार असावे, समोरचा कागद आपल्याच सभासदाचा असला तरी वकिलाने खरे तेच सांगावे, आणि या खर्चाचे खाते वेगळे ठेवून दरसाल या स्मरणिकेत छापावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी पाठविली आहे. काही सभासदांनी आम्हांस विचारले की, आपल्याच पैशाने आपल्याविरुद्ध वकील का पोसावा. त्यांस आम्ही दादा अब्दुल्लांची हकीकत सांगितली. ती त्यांस पटली की नाही, हे येत्या सर्वसाधारण सभेत दिसेल.