घोड्याची वाहतूक : पाण्याचा हिशेब आधी करा

कापडाची गाठ ट्रकमध्ये दोन दिवस पडून राहिली तरी तिची किंमत घटत नाही. घोड्याचे तसे नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे ट्रकने येतात. वाटेत पाणी कमी पडलेले जनावर बाजारात मलूल उभे राहते आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. आतड्यातला चारा सुकून पोटशूळ उठला, तर जनावर आणि भांडवल दोन्ही हातचे जाते.

साधारण 400 किलोच्या घोड्याला उभ्या जागीही रोज 20 ते 30 लिटर पाणी लागते. उन्हात याहून जास्त. चालत्या ट्रकमध्ये तोल सांभाळताना त्याला घाम येतो. या घामातून पाण्याबरोबर मीठही भरपूर जाते. त्यामुळे शरीर कोरडे पडत असूनही घोड्याला हवी तेवढी तहान लागत नाही. ‘तहान असती तर प्यायला असता’ हा समज म्हणूनच महागात पडतो.

दुसरी अडचण चवीची. अनोळखी पाण्याला घोडा तोंड लावत नाही. यासाठी निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ मिसळून सवय लावावी. वाटेतल्या पाण्यातही तोच गूळ टाकावा. रोजची बादली आणि शक्य तेवढे घरचे पाणी सोबत घ्यावे.

दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत उभी करून पाणी दाखवावे व दहा-पंधरा मिनिटे धीर धरावा. दावे सैल करावे. मान खाली घेता आली की नाकातली धूळ बाहेर पडते. गवत भिजवून द्यावे. क्षारांची पूड पाण्यात मिसळली, तर शेजारी साध्या पाण्याची बादली हवीच. न पिणाऱ्या घोड्याला नुसते मीठ चारणे घातक आहे.

तपासणी सोपी आहे. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या कोरड्या व चिकट असतील, लीद कमी होत असेल, तर विलंब न करता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

व्यापारी बंधूंनी ट्रकचे भाडे ठरवतानाच पाण्याचे थांबेही ठरवून घ्यावेत. निघाल्यावर ड्रायव्हरला घाई असते, आणि घोड्याला बोलता येत नाही.