कोथिंबिरीला ऊन सोसत नाही

हिंगोली जिल्ह्यात हळदीचे बेणे मे-जूनमध्ये मातीत जाते. हळदीची पाने पसरेपर्यंत मधली जागा मोकळी असते. तिथे कोथिंबीर चांगली साधते, कारण ती 35 ते 45 दिवसांत काढणीला येते. परसात लावायची असेल, तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सर्वांत भरवशाचा.

किराणा दुकानातले ताजे, अख्खे धने चालतात. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून ते चपलेखाली हलके रगडून दोन फोडी कराव्यात आणि 10-12 तास पाण्यात भिजवावेत. आपली काळी माती पावसात चिबडते. त्यामुळे पावसाळ्यात गादीवाफा करावा, हिवाळ्यात सपाट वाफा पुरतो. कुजलेले शेणखत मिसळून ओळीत, दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण व्हायला 8 ते 10 दिवस लागतात. तोवर माती ओली ठेवावी, नाहीतर वर पापडी धरते आणि कोंब अडतो. सोटमूळ दुखावते, म्हणून रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत.

दिवस तापू लागले, की रोप पाने सोडून फुलाच्या मागे लागते. वरची पाने दोऱ्यासारखी बारीक होतात. उन्हाळ्यात शेवग्याच्या विरळ सावलीत वाफा करावा आणि सकाळी लवकर पाणी द्यावे. दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरले, तर जुडी संपत नाही.

स्वयंपाकघरातही कोथिंबिरीला उष्णता सोसत नाही. कोथिंबिरीचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, उकळीने तो जातो. म्हणून कोवळे देठ वाटणात घालावेत आणि पाने वरण किंवा भाजी उतरवल्यावर.

वडीत मात्र वाफ टळत नाही, म्हणून पाने भरपूर घ्यावीत. धुऊन कोरडी केलेली, बारीक चिरलेली दोन वाट्या कोथिंबीर, एक वाटी बेसन, तीळ, जिरे, हळद, मीठ आणि लसूण-मिरचीचे वाटण कालवून पाच मिनिटे ठेवावे. मिठाने पानांना पाणी सुटते, ते पाहूनच वरून पाण्याचा हबका मारावा. गोळा घट्ट हवा. त्याचे उंडे करून 15-20 मिनिटे वाफवावेत, पूर्ण गार झाल्यावर कापून तळावेत. गरम कापले तर वड्या भुगा होतात.

शेवटच्या वाफ्यातली चार-पाच रोपे फुलू द्यावीत. त्यांवरचे धने वाळले, की पुढच्या पेरणीचे बी घरचेच.