किनाऱ्यावरून जगाकडे

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर हे बंदर आहे. 28 जानेवारी 2017 रोजी पहाटे या बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. समुद्रात तेल पसरले आणि मच्छीमारांची उपजीविका धोक्यात आली. तटरक्षक दलाबरोबर मच्छीमार व विद्यार्थीही बादल्यांनी तेलाचा गाळ उपसू लागले.

सागराला देशांच्या सीमा अडवीत नाहीत. म्हणूनच जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठी 1973 साली आंतरराष्ट्रीय करार झाला. असे करार प्रत्यक्षात उतरविण्यासाठी सागरी अभियंते, शास्त्रज्ञ आणि कायदेतज्ज्ञ लागतात. भूगोल, विज्ञान व नागरिकशास्त्र यांची सांगड घालून शाळेने हा संबंध उलगडून दाखविला, तर गावच्या किनाऱ्यासाठी बादली उचलणाऱ्या विद्यार्थ्याला जगाच्या सेवेची वाटही दिसू लागते.