इलेक्ट्रोपोरेशन आणि ऑक्सिजन

इलेक्ट्रोपोरेशन ही तीव्र पण अत्यल्प काळ टिकणाऱ्या विद्युत स्पंदांनी पेशीपटलात सूक्ष्म छिद्रे पाडण्याची प्रक्रिया आहे. १९८२ साली एबरहार्ड नॉयमान व सहकाऱ्यांनी या पद्धतीने उंदराच्या पेशींत जनुके शिरवून दाखवली. स्पंदांनंतर पेशी जगेल की मरेल, हे विद्युतक्षेत्राची तीव्रता, स्पंदांची संख्या व कालावधी यांवर मुख्यतः ठरते. मात्र पेशीभोवतीच्या ऑक्सिजनचाही त्यात वाटा असतो आणि तो दुहेरी आहे.

== ऊर्जा आणि दुरुस्ती ==
छिद्रे पडताच पोटॅशियम व एटीपी बाहेर झिरपतात, तर सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. छिद्रे बुजणे बरेचसे तापमानावर अवलंबून असते; परंतु बिघडलेला आयनांचा समतोल पूर्ववत करणारे पंप एटीपीवरच चालतात. ऑक्सिजन असल्यास तंतुकणिकांच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात, नसल्यास केवळ २. त्यामुळे ऑक्सिजनअभावी पेशीची सावरण्याची क्षमता घटू शकते. अनेक कर्करोग पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजच्या विघटनावर बरीच भिस्त ठेवतात. म्हणून हा फटका सर्व पेशींना सारखा बसेलच असे नाही.

== ऑक्सिजनमुळे होणारी हानी ==
१९९४ साली तुलूझ येथील ब्रुनो गाब्रिएल व ज्युस्टँ तेसिए यांनी स्पंद दिलेल्या चिनी हॅमस्टरच्या पेशींमध्ये क्रियाशील ऑक्सिजन संयुगे निर्माण होत असल्याचे नोंदवले. अशी संयुगे पटलातील असंतृप्त मेदाम्लांचे पेरॉक्सिडीकरण करतात. एकदा सुरू झालेली ही साखळी अभिक्रिया ऑक्सिजन मिळत राहिल्यास पुढे सरकते आणि छिद्रे बुजल्यानंतरही पटल गळके राहू शकते.

== उपचारातील महत्त्व ==
प्रयोगशाळेत पेशी बहुधा हवेइतक्या, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपासच्या ऑक्सिजनमध्ये वाढवल्या जातात. शरीरातील बहुतेक ऊतींत हे प्रमाण पुष्कळ कमी असते आणि घन अर्बुदांच्या काही भागांत १ टक्क्याच्याही खाली जाते. त्यामुळे तबकडीतील निष्कर्ष रुग्णाला जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते. शिवाय स्पंदांमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून अर्बुदाचा रक्तपुरवठा काही काळ मंदावतो, म्हणजे उपचारच ऑक्सिजन घटवतो. विद्युत-रसायनोपचारात वापरले जाणारे ब्लिओमायसिन हे औषध लोह व ऑक्सिजन यांच्या साहाय्याने डीएनए तोडते. तेव्हा तेथे ही घट केवळ तात्त्विक बाब उरत नाही.