भाड्याचे घर आणि घराची पत

दुकानात चार पैसे शिल्लक राहिले की व्यापारी कुटुंबाचे मन बहुधा जागेकडे वळते. एखादा छोटा फ्लॅट किंवा बाजारपेठेतील एखादा गाळा घ्यावा. महिन्याच्या महिन्याला भाडे येत राहील, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, असा विचार त्यामागे असतो. विचार योग्यच आहे. परंतु मालाच्या खरेदीत जी चूक आपण कधी करणार नाही, ती जागेच्या बाबतीत सर्रास करतो. हिशेब न मांडता जागा घेतो आणि कागद न करता ती देतो.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. वडिलांनी दोन खोल्यांचा एक फ्लॅट घेतला व एका शिक्षकांना भाड्याने दिला. अनामत म्हणून मिळालेले ५० हजार रुपये दिवाळीच्या हंगामात मालात गुंतले. पुढे शिक्षकांची बदली झाली. त्यांनी घर झाडून-पुसून किल्ली हाती दिली आणि अनामत मागितली. गल्ल्यात तेवढी रक्कम नव्हती, उधारी अडकलेली होती. वडील म्हणाले, “आठ दिवसांत देतो.” दीड महिना लोटला. ते सज्जन गृहस्थ तीन वेळा दुकानाची पायरी चढून रिकाम्या हाताने परतले. चौथ्या वेळी आईने पोस्टातील आपली ठेव मुदतीपूर्वी मोडून त्यांचे पैसे चुकते केले आणि वडिलांना एवढेच म्हणाली, “बाजारात तुमच्या शब्दाला किंमत आहे. ती घराच्या व्यवहारात का नसावी?”

तेव्हापासून आमच्या घरात भाड्याच्या जागेची खतावणी वेगळी झाली. त्यातून शिकलेल्या काही गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहे.

उत्पन्नाचा खरा हिशेब

समजा, ६० लाख रुपयांचा फ्लॅट आहे व भाडे दरमहा १८ हजार मिळते. वर्षाचे २ लाख १६ हजार, म्हणजे ३.६ टक्के, असे आपण तोंडी सांगून मोकळे होतो. आता खर्च लिहू. वर्षात एक महिना जागा रिकामी राहिली तर १८ हजार गेले. सोसायटीचा देखभाल खर्च ३६ हजार, मालमत्ता कर १२ हजार, रंगरंगोटी व किरकोळ दुरुस्ती १० हजार. हाती उरले १ लाख ४० हजार. शिवाय खरेदीच्या वेळी ६ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ३ लाख ६० हजार व नोंदणीचे ३० हजार मोजलेले असतात. एकूण ६३ लाख ९० हजारांच्या भांडवलावर हे उत्पन्न जेमतेम २.२ टक्के भरते.

याचा अर्थ जागा घेऊच नये असा नाही. जागेची किंमत वाढण्याचा लाभ वेगळा असतो. मात्र कर्जाचा हप्ता भाड्यातून फिटेल या भरवशावर कोणी जागा घेत असेल, तर त्याने हा हिशेब आधी कागदावर मांडावा. हप्ता आणि भाडे यांतील फरक दुकानाच्या खेळत्या भांडवलातून भरावा लागला, तर जागा धंद्याला खाते.

सोसायटीतील फ्लॅट भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क आकारले जाते. शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. बिल तपासून घ्यावे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

“अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही,” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. महाराष्ट्रात ते खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

आणि वाचतात ते किती? वरील उदाहरणात दोन वर्षांचा करार व १ लाख अनामत धरू. भाडे ४ लाख ३२ हजार, अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज २० हजार. एकूण ४ लाख ५२ हजारांवर ०.२५ टक्के, म्हणजे १,१३० रुपये मुद्रांक शुल्क. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १ हजार. करार घरबसल्या ऑनलाइनही नोंदविता येतो. साठ लाखांच्या मालमत्तेचे रक्षण दोन हजारांत होत असताना तोंडी व्यवहार करणे हा भाबडेपणा होय.

नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपूनही राहते घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने भरपाईचा हक्क मिळतो. ही सोय राहत्या घरासाठी आहे, दुकानाच्या गाळ्यासाठी नाही. म्हणून गाळा देताना वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. पागडीच्या जुन्या गाळ्यांनी किती घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाद रेंगाळले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

कर आणि कागद

भाडे बँकेतूनच घ्यावे. प्राप्तिकरासाठी मिळालेल्या भाड्यातून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो व उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. भावाभावांच्या नावे जागा असून हिस्से ठरलेले असतील, तर प्रत्येकाने आपल्या हिश्श्याचे उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवावे. दुकानाचा गाळा भाड्याने दिला असेल, तर जीएसटी लागू होतो की नाही, हे सनदी लेखापालाला आधीच विचारावे.

जागा देण्यापूर्वी भाडेकरूची ओळखपत्रे पाहावीत, नोकरीच्या किंवा धंद्याच्या ठिकाणी चौकशी करावी व स्थानिक पोलिसांना माहिती द्यावी. पंखे, दिवे, नळ, मीटरचे आकडे यांची यादी करून दोघांनी सही करावी. छायाचित्रेही काढून ठेवावीत. घर सोडताना होणारे निम्मे तंटे या एका यादीने टळतात.

अनामत आपली नव्हे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनामत हे उत्पन्न नाही आणि भांडवलही नाही. ते आपल्याकडे ठेवलेले परक्याचे धन आहे. हंगाम कितीही तेजीचा असो, तिला हात लावू नये. बँकेत स्वतंत्र मुदत ठेव करावी आणि वाजवी कपात असेल तर तिचा लेखी हिशेब देऊन उरलेली रक्कम किल्ली मिळताच परत करावी.

आमच्या तिजोरीत आजही एक जुना लिफाफा आहे. त्यात मुदत ठेवीची पावती असते आणि वर आईच्या अक्षरात त्या-त्या भाडेकरूचे नाव. भाडेकरू बदलला की जुन्या नावावर रेघ मारून ती खाली नवे नाव लिहिते. आतापर्यंत त्यावर सहा नावे झाली आहेत. त्यानंतर एकाही भाडेकरूला पैशांसाठी दुकानाची पायरी चढावी लागलेली नाही.