भूखंडांचा नकाशा आणि त्याची मंजुरी

घर बांधणे ही आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी उलाढाल होय. भरवेलीत तर तिला एक विशेष कारण आहे. ब्रिटिशांच्या सी. पी. मँगेनीज ओअर कंपनीच्या काळापासून येथील खाणीवर पिढ्या पोसल्या गेल्या. १९६२ साली मोईल स्थापन झाली व तो क्रम पुढे चालू राहिला. खाणीतून निवृत्त होणाऱ्या माणसास कंपनीचे क्वार्टर सोडावे लागते, आणि फंडाची रक्कम हाती येताच तो प्रथम जागेचा तुकडा शोधू लागतो. हा तुकडा बहुधा कोणाच्या तरी शेतातून पाडलेला असतो. तो कसा पाडावा, त्याचा नकाशा कसा असावा व मंजुरी कोठून घ्यावी, याची माहिती न्यासाच्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबांस असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. वारसांमधील वाटणी निराळी आणि घरांसाठी भूखंड पाडणे निराळे. आम्हा मुसलमान कुटुंबांत आई, पत्नी, मुलगे, मुली यांचे हिस्से शरियतीने ठरलेले आहेत. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मसिद्ध हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. अशा शेतीच्या वाटणीचा अर्ज मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १७८ खाली तहसीलदाराकडे होतो, आणि खसरा क्रमांक ४५ चे ४५/१, ४५/२ असे बटांक पडतात. परंतु ४५/२ चा धनी आपल्या वाट्यात पंधरा-वीस घरांच्या जागा पाडून विकू लागला, की तो वसाहत वसवीत असतो. तेथे रस्ता लागतो, नाली लागते, मोकळी जागा लागते. तेथूनच नकाशाच्या मंजुरीचा प्रश्न उत्पन्न होतो.

नकाशाला हात घालण्यापूर्वी कागद पाहावेत. चालू वर्षाचा खसरा, बी-१ आणि गावनकाशाची नक्कल हे तीन कागद मूळ होत. खसऱ्यात भूमिस्वामी कोण, बोजा आहे काय, आणि जमिनीचे वर्णन काय, हे बारकाईने वाचावे. ‘बडे झाड का जंगल’ किंवा ‘छोटे झाड का जंगल’ अशी नोंद असल्यास तेथेच थांबावे. त्या जमिनीस १९८० चा वनसंरक्षण कायदा आड येतो. भूमिस्वामी आदिवासी असल्यास कलम १६५ (६) पाहावे. अनुसूचित क्षेत्रात अशी जमीन बिगर-आदिवासीस घेताच येत नाही, आणि इतरत्र कलेक्टरची परवानगी लागते. बैहरसारखा आदिवासी मुलूख असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे कलम प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांत त्या शेतातून जाणारी वहिवाटीची वाट, गुरांचा रस्ता किंवा पाण्याचा पाट नोंदलेला असेल, तर नवा नकाशा तो बुजवू शकत नाही. भरवेलीपुरती आणखी एक गोष्ट म्हणजे खाणपट्ट्याची हद्द. ती खनिज विभागाच्या नोंदीवरून पडताळून घ्यावी.

त्यानंतर मोजणी. गावनकाशावरच पेन्सिलीने रेघा मारून भूखंड पाडण्याची चाल आहे, ती अत्यंत धोक्याची आहे. जुने गावनकाशे मैलास सोळा इंच या प्रमाणाचे असत, म्हणजे १:३९६०. या प्रमाणात कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील जवळजवळ चार मीटर! सारी गल्ली पेन्सिलीच्या एका जाड रेघेखाली दडते. एक एकराचा चौरस या नकाशावर जेमतेम सोळा मिलिमीटर भरतो. तोच १:५०० या प्रमाणावर पावणेतेरा सेंटिमीटर होतो व त्यात प्रत्येक भूखंड स्पष्ट दिसतो. म्हणून आधी कलम १२९ खाली तहसीलदाराकडून सीमांकन करून घ्यावे, बटांक पडले असल्यास गावनकाशात त्यांची तरमीम झाली आहे की नाही ते पाहावे, आणि मग नव्या मोजणीवर नकाशा काढवावा.

नकाशात काय काय असावे याविषयी भारताची राष्ट्रीय इमारत संहिता चांगले मार्गदर्शन करते. ती प्रथम १९७० साली निघाली. पुढे २०१६ सालीही तिची सुधारित आवृत्ती झाली. जागा कोठे आहे हे दाखविणारा स्थाननकाशा १:१०,००० पेक्षा लहान प्रमाणाचा नसावा. भूखंडांचा नकाशा १:५०० पेक्षा लहान नसावा. त्यावर प्रमाण व उत्तर दिशा दाखवावी. जुने व नवे सर्व रस्ते त्यांच्या रुंदीसह काढावेत. प्रत्येक भूखंडाची मापे व त्यात घराभोवती सोडावयाची जागा दाखवावी. नाल्या, पाण्याचे नळ, विजेच्या तारा यांच्या जागा दाखवाव्यात. सोबत दोन तक्ते हवेत. एकात प्रत्येक भूखंडाचे क्षेत्र व उपयोग, आणि दुसऱ्यात एकूण जमिनीपैकी रस्त्यांखाली किती, मोकळ्या जागेत किती, सार्वजनिक कामासाठी किती, याची टक्केवारी. जमिनीच्या मालकाची आणि नकाशा करणाऱ्या परवानाधारक वास्तुविशारदाची किंवा अभियंत्याची सही त्यावर असावी.

या दुसऱ्या तक्त्यातच नकाशाचा प्राण आहे. उदाहरणाने पाहू. ३३० फूट लांब व १३२ फूट रुंद असे शेत घ्या. त्याचे क्षेत्र बरोबर ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर किंवा शंभर डिसमिल. दोन्ही आखूड बाजूंस गावरस्ता आहे असे धरू. मधोमध ३० फुटी रस्ता काढला तर त्यात ९,९०० चौरस फूट जातात. दोन्ही अंगांस ५१ फुटी पट्टे उरतात. एका पट्ट्यात ३० फूट रुंदीचे अकरा भूखंड बसतात. दुसऱ्या पट्ट्यात १५० फूट लांबीची मोकळी जागा ठेवली, तर सहा बसतात. एकूण सतरा भूखंड, प्रत्येकी १,५३० चौरस फूट. हिशेब असा पडतो: भूखंड २६,०१०, रस्ता ९,९००, मोकळी जागा ७,६५०, बेरीज ४३,५६०. शेकडा प्रमाणात सुमारे साठ, तेवीस व साडेसतरा.

आता लोभी नकाशा पाहा. रस्ता दहा फुटी, मोकळी जागा शून्य, आणि ३० × ६१ फुटांचे बावीस भूखंड. विकलेली जमीन ४०,२६० चौरस फूट. पहिल्या नकाशापेक्षा १४,२५० चौरस फूट अधिक विकले गेले, म्हणजे एकराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ती जमीन बावीसही कुटुंबांच्या सामाईक उपयोगाची होती. रुग्णाची गाडी, मुलांचे खेळ, लग्नाचा मांडव, पावसाचे पाणी, सर्वांची ती वाट होती. विकणारा तिचे पैसे घेऊन जातो, आणि राहणारे जन्मभर तिच्यावाचून राहतात. इमारत संहितेप्रमाणे ७५ मीटरपर्यंतच्या रस्त्यास सहा मीटर व १५० मीटरपर्यंत साडेसात मीटर रुंदी हवी, आणि ०.३ हेक्टर किंवा अधिक जमिनीत साधारण १५ टक्के मोकळी जागा. प्रत्यक्षात राज्याच्या भूमि विकास नियम, २०१२ मध्ये व स्थानिक विकास योजनेत जे आकडे असतील तेच बंधनकारक होत. ते कार्यालयातून लेखी घ्यावेत.

मंजुरीच्या पायऱ्या अशा. जमीन निवेश क्षेत्रात असेल तर १९७३ च्या अधिनियमाखाली नगर तथा ग्राम निवेश विभागाची विकास-अनुज्ञा लागते. वसाहत वसविणाऱ्याने कॉलनायझर म्हणून नोंदणी करावी लागते. गावांसाठी ही तरतूद १९९३ च्या पंचायत राज अधिनियमात कलम ६१-क पासून आहे, आणि तिचे उल्लंघन हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. दुर्बल घटकांसाठीची तरतूद, विकासकामांची हमी व त्यासाठी गहाण ठेवावयाचे भूखंड यांच्या अटी त्या परवानगीबरोबर येतात. निवेश क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीचे भूखंड विकावयाचे तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे रेराची नोंदणीही हवी.

तीन कागदांना लोक मंजुरी समजून बसतात. पहिला डायव्हर्शनचा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भूमिस्वामी स्वतःच रक्कम काढून भरतो व अनुविभागीय अधिकाऱ्यास कळवितो. त्या पावतीने शेतीचा आकार बदलतो, नकाशा मंजूर होत नाही. दुसरा रजिस्ट्रीचा; तो मालकीच्या व्यवहाराचा पुरावा आहे, रस्त्याचा नव्हे. तिसरा सरपंचाच्या ना-हरकत पत्राचा. ते कायद्याने लागणाऱ्या परवानग्यांची जागा घेऊ शकत नाही.

नागपूरचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९३६ साली, बालाघाट जिल्हाही त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात असताना, तेथे सुधार प्रन्यास निर्माण झाला. तरीही पुढे अनधिकृत लेआऊट इतके वाढले की ‘५७२ लेआऊट’ व ‘१९०० लेआऊट’ अशी त्यांच्या संख्येचीच नावे रूढ झाली. महाराष्ट्राने २००१ साली गुंठेवारी कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांस नियमित होण्याची वाट दिली, आणि २०२१ साली ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. कायदा उदार झाला खरा. पण विकास-शुल्क भरावे लागले ते राहणाऱ्यांना, आणि दोन घरांमध्ये न सोडलेला रस्ता कोणत्याही कायद्याने परत येत नाही.

तेव्हा भूखंड घेणाऱ्याने चार गोष्टी मागाव्यात: मंजुरीच्या शिक्क्याचा संपूर्ण नकाशा, मंजुरीचा क्रमांक व तारीख, आपल्या भूखंडाचा त्यातील क्रमांक, आणि जागेवर जाऊन टेपने मोजलेली रस्त्याची रुंदी. भूखंड विकणाऱ्याने आधी न विकण्याची जमीन काढावी व मग उरलेल्याचे भाग करावेत. न्यासास कोणी जागा दान करू इच्छील, तर हेच कागद विश्वस्तांनीही पाहावेत, कारण १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत निबंधकाच्या पूर्वसंमतीवाचून विकता येत नाही. सदोष जागा एकदा घेतली की ती सहज सोडवत नाही.

आपल्या सभासदांत मोजणीचे ज्ञान असलेले, कचेरीची कामे जाणणारे असे पुष्कळ आहेत. भूखंडाचा इसार देण्यापूर्वी कोणीही येऊन नकाशा दाखवावा आणि त्यांनी तो तपासून द्यावा, एवढी सोय न्यासाने केली, तर या महोत्सवी वर्षाची ती एक चिरस्थायी आठवण ठरेल.